बंद पडलेल्या इंजिनाची नोंद कोणाकडे?

गेल्या हिवाळ्यात दिल्लीहून जयपूरला निघालो असताना बहरोडच्या अलीकडे माझ्या मोटारीच्या डॅशबोर्डवर तेलाच्या किटलीचे चिन्ह असलेला तांबडा दिवा लागला. गाडी कडेला घेण्याचा विचार मनात येतो न येतो तोच बॉनेटखालून लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज आला आणि इंजिन बंद पडले. दोनदा दाबल्यावर ब्रेकचे पेडल दगडासारखे घट्ट झाले. मागून येणारा ट्रक हॉर्न वाजवत अगदी लगटून गेला. गाडीत माझी पत्नी आणि वृद्ध सासूबाई होत्या. कोणाला काही झाले नाही, हे नशीब.

गाडीचे वय होते पाच वर्षे दोन महिने. धाव ५८ हजार किलोमीटर. प्रत्येक सर्व्हिसिंग कंपनीच्या अधिकृत केंद्रात झालेले. त्याच्या पावत्या एका फायलीत लावलेल्या. पैसे भरून घेतलेली वाढीव वॉरंटी संपून दोन महिने झाले होते. गुरुग्रामच्या सर्व्हिस सेंटरने चार दिवसांनी खर्चाचा अंदाज दिला: ३ लाख ८६ हजार रुपये. जॉब कार्डवर कारणाच्या रकान्यात लिहिले होते, ‘इंजिन जाम’. हे म्हणजे मृत्यूच्या दाखल्यावर मृत्यूचे कारण म्हणून ‘मरण पावला’ असे लिहिण्यासारखे झाले. कंपनीला पत्र लिहिले. उत्तर आले की, हा अपवादात्मक प्रकार असून कंपनीवर कोणतेही दायित्व येत नाही. तरीही जुने ग्राहक म्हणून सुट्या भागांवर २५ टक्के सवलत देता येईल, मात्र यापुढे कोणताही दावा करणार नाही असे लिहून द्यावे लागेल.

त्याच सर्व्हिस सेंटरच्या प्रतीक्षा कक्षात रेवाडीचा एक टॅक्सीचालक भेटला. त्याच्या गाडीत तेच इंजिन होते आणि दुखणेही तेच. गाडी अवघी तीन वर्षांची, पण टॅक्सी असल्याने धाव सव्वा लाखाच्या पुढे गेलेली. म्हणजे किलोमीटरच्या अटीवर वॉरंटी संपलेली. कर्जाचे दोन वर्षांचे हप्ते शिल्लक होते. तो म्हणाला, “साहेब, तुमची गाडी बंद पडली. माझं तर दुकानच बंद पडलं.” त्यालाही कंपनीने हा प्रकार अपवादात्मक असल्याचेच कळवले होते. एकाच छताखाली, एकाच दुपारी, एकाच इंजिनाचे दोन अपवाद.

हा लेख माझ्या तक्रारीसाठी लिहिलेला नाही. ती तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात आहे आणि तिचे व्हायचे ते होईल. मला पडलेला प्रश्न वेगळा आहे. दोन अपवाद एकत्र आले की ते अपवाद राहतात का? आणि असे अपवाद देशात किती आहेत, हे कोणाला मोजता येईल?

प्रथम कंपन्यांच्या बाजूने जे सांगता येते ते सांगितले पाहिजे. इंजिन अकाली निकामी होण्यामागे अनेकदा मालकाचाच हलगर्जीपणा असतो. तेल वेळेवर न बदलणे, तापमानाचा काटा लाल पट्टीत गेल्यावरही गाडी हाकत राहणे, पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यात गाडी घालणे, भेसळीचे इंधन भरणे. शेवटच्या दोन गोष्टी तर मालकाच्या हातात असतातच असेही नाही. पण दुसरी बाजूही आहे. इंजिनात क्रँकशाफ्ट आणि त्याची बेअरिंग यांच्यामध्ये तेलाचा केसाहूनही पातळ थर असतो. धातूला धातू न लागता हजारो फेरे फिरत राहतात ते त्या थराच्या भरवशावर. कारखान्यात यंत्रण करताना धातूचा कीस आत राहिला, तेल ओढणारी जाळी तुंबली, पंपाचा दाब घटला की हा थर तुटतो आणि मग काही क्षणांत सगळे संपते. हा दोष तेल वेळेवर बदलणाऱ्या मालकाच्या गाडीतही तसाच येतो.

शिवाय गेल्या दशकभरात इंजिने बदलली आहेत. इंधन वाचवण्यासाठी आणि प्रदूषणाचे निकष पाळण्यासाठी ती लहान झाली, त्यांना टर्बोचार्जर लागले, तेल पातळ झाले. १ एप्रिल २०२० पासून ‘बीएस-६’ निकष लागू झाल्यावर डिझेल गाड्यांच्या धुराच्या मार्गात काजळी अडवणारे गाळणे आले. साठलेली काजळी जाळण्यासाठी जादा इंधन सोडले जाते. गाडी शहरातच थोड्या थोड्या अंतरावर फिरत राहिली तर ते काम अर्धवट राहते आणि त्यातले काही इंधन तेलात उतरून तेल पातळ करते. हे निकष आवश्यक होते. दिल्लीच्या हवेत राहणारा माणूस त्यांच्याविरुद्ध बोलणार नाही. पण या इंजिनांना चुका खपत नाहीत, हेही खरे. सर्व्हिसिंगचे वेळापत्रक मात्र किलोमीटर किंवा महिन्यांत मोजले जाते. तासन्‌तास वाहतूक कोंडीत उभ्या असलेल्या गाडीचे किलोमीटर वाढत नाहीत, इंजिन मात्र झिजत असते.

म्हणजे दोष मालकाचा की कारखान्याचा, हे एका गाडीकडे पाहून सहसा ठरवता येत नाही. ते ठरते संख्येवरून. एकाच बनावटीची, एकाच वर्षीची शंभर इंजिने एकाच भागापाशी मोडत असतील, तर शंभर निष्काळजी मालकांनी योगायोगाने तीच गाडी घेतली असे कोणी म्हणणार नाही. ही संख्या फक्त कंपनीकडे असते. कोणते इंजिन कुठे बदलले, कोणता सुटा भाग किती मागवला गेला, याचा हिशेब सर्व्हिस सेंटरांच्या जाळ्यातून तिच्याकडे जमा होत असतो. मालकाकडे असते ती फक्त त्याची एकट्याची गाडी.

कायदा या विषमतेकडे कसा पाहतो?

मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये दुरुस्ती होऊन कलम ११०-अ आले आणि सदोष वाहने परत बोलावण्याचा आदेश देण्याचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला. तोवर २०१२ पासून वाहन उत्पादकांच्या ‘सियाम’ या संघटनेची स्वेच्छेने पाळायची संहिता तेवढी होती. नवे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. हे पाऊल महत्त्वाचे होते, यात शंका नाही. पण कलमाचे शब्द पाहा. दोष असा हवा की ज्यामुळे पर्यावरणाला, चालकाला, प्रवाशांना किंवा रस्त्यावरील इतरांना हानी पोहोचू शकते. मालकाच्या खिशाला पोहोचणारी हानी त्यात बसत नाही. वाहन उत्पादनापासून सात वर्षांच्या आतले हवे. तक्रारींची किमान संख्याही ठरलेली आहे. वर्षाला दहा हजारांहून अधिक खपणाऱ्या मोटारींच्या बाबतीत ती १,२५० आहे. रेवाडीच्या टॅक्सीचालकाने उरलेले १,२४९ जण कुठे शोधायचे?

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण निर्माण केले. त्यालाही वस्तू परत बोलावण्याचा आदेश देता येतो. पण वस्तू घातक, धोकादायक किंवा असुरक्षित असेल तर. पुन्हा तीच मर्यादा. जिवाला धोका असेल तर राज्यसंस्था धावून येते. आयुष्यभराच्या बचतीतून घेतलेली वस्तू ऐन उमेदीत निकामी झाली, तर तो तुमचा आणि कंपनीचा आपसातला मामला.

मग उरतो ग्राहक आयोग. नव्या कायद्यात उत्पादन दायित्वाचे स्वतंत्र प्रकरण आहे. उपजीविकेसाठी स्वतः चालवलेल्या टॅक्सीचा मालकही ग्राहकाच्या व्याख्येत बसतो. समान हितसंबंध असलेल्या अनेक ग्राहकांच्या वतीने एकाला तक्रार करण्याची मुभा आहे. कागदावर हे सारे चांगले आहे. प्रत्यक्षात दोन वर्षांच्या मुदतीत तक्रार दाखल करायची, आणि उत्पादनातला दोष सिद्ध करायचा तो तक्रारदाराने. त्यासाठी तज्ज्ञाचा किंवा प्रयोगशाळेचा अहवाल लागतो, अहवालासाठी इंजिन उघडावे लागते, आणि खटला चालू असेपर्यंत गाडी उभी ठेवावी लागते. पगारदार माणूस मेट्रोने जाईल. टॅक्सीवाल्याने काय करावे? शिवाय वॉरंटीच्या मुदतीतसुद्धा ग्राहकाचा हक्क मर्यादितच असतो. वॉरंटीच्या अटीत सदोष भाग बदलून देण्याचे म्हटले असेल तर संपूर्ण गाडी बदलून मागता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये मारुती उद्योग विरुद्ध सुशील कुमार गबगोत्रा या प्रकरणात स्पष्ट केले होते.

विमा तरी मदतीला येतो का? नेहमीच्या मोटार विम्यातून यांत्रिक बिघाड आणि झीज वगळलेली असते. इंजिन संरक्षणाची जोड योजना घेतली, तरी ती मुख्यतः पाणी शिरणे किंवा तेल गळणे यांतून होणाऱ्या नुकसानीसाठी असते. आतून मोडलेल्या इंजिनाला कोणी वाली नाही.

आता सरकारचा स्वतःचा हिशेब पाहू. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांसाठी होते. बहुतेक राज्ये त्या काळाचा रस्ता कर खरेदीच्या वेळीच एकरकमी वसूल करतात. म्हणजे गाडी १५ वर्षे चालेल असे राज्यसंस्था गृहीत धरते आणि त्याचे पैसे आगाऊ घेते. कंपनी मात्र साधारणपणे तीन वर्षांची हमी देते; जादा पैसे भरले तर ती काही वर्षांनी वाढते. या दोन आकड्यांमधले अंतर कोणाचे? आजवर ते निमूटपणे मालकाच्या पदरात टाकले गेले आहे.

दुरुस्तीच्या बाजारातही त्याचे हात बांधलेले असतात. २०११ मध्ये एका ग्राहकाच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने चौकशी सुरू केली. २५ ऑगस्ट २०१४ रोजी आयोगाने १४ मोटार कंपन्यांना २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. सुटे भाग आणि बिघाड शोधण्याची साधने बाहेरच्या गॅरेजांना मिळू न देता कंपन्या ग्राहकाला आपल्याच दारात अडकवून ठेवतात, असा आयोगाचा निष्कर्ष होता. सुटे भाग खुल्या बाजारात उपलब्ध करा, बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नका, असे आदेशही त्यात होते. डिसेंबर २०१६ मध्ये अपील न्यायाधिकरणाने तीन कंपन्यांबाबत मूळ निष्कर्ष कायम ठेवून दंड कमी केला. लढाई पुढे वरच्या न्यायालयांत गेली. आयोगाच्या आदेशाला दशक उलटून गेले आहे. आजही सर्व्हिस सेंटरमधला तरुण सल्लागार सहज सांगतो, “बाहेर हात लावलात तर वॉरंटी गेली.”

ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावर समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरात त्यासाठीचे संकेतस्थळ सुरू केले. शेती अवजारे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती उपकरणे यांच्याबरोबर वाहने हेही त्यातले एक क्षेत्र आहे. पण वस्तू किती दुरुस्तीयोग्य आहे याचा निर्देशांक ठरवण्याचे काम पुढे सरकले ते मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंबाबत. घरातली घरानंतरची सर्वांत महाग वस्तू मागेच राहिली. ऑस्ट्रेलियात १ जुलै २०२२ पासून कायद्यानेच कंपन्यांवर बंधन आहे की, सर्व्हिसिंग आणि दुरुस्तीची जी माहिती त्या आपल्या डीलरांना देतात, ती स्वतंत्र गॅरेजांनाही रास्त दरात द्यावी.

संख्या सार्वजनिक झाली की काय घडते, याचे उदाहरण अमेरिकेत आहे. (माझ्या गाडीशी त्या प्रकरणाचा संबंध नाही.) तेथील महामार्ग सुरक्षा प्रशासनाकडे कोणीही वाहनमालक तक्रार नोंदवू शकतो आणि ती तक्रार इतरांना वाचता येते. कंपन्या डीलरांना पाठवत असलेल्या तांत्रिक सूचनाही त्या प्रशासनाकडे द्याव्या लागतात. ह्युंदाईने सप्टेंबर २०१५ मध्ये तिथे सुमारे ४ लाख ७० हजार मोटारी परत बोलावल्या. क्रँकशाफ्टच्या यंत्रणातून राहिलेल्या धातूच्या कणांमुळे बेअरिंगपर्यंत तेल पोहोचत नव्हते आणि इंजिन चालता चालता बंद पडण्याचा धोका होता. २०१७ मध्ये ह्युंदाई आणि तिची भगिनी कंपनी किया यांनी आणखी सुमारे १२ लाख गाड्या बोलावल्या. आधीची कारवाई उशिरा आणि अपुरी झाली, या मुद्द्यावर नोव्हेंबर २०२० मध्ये दोन्ही कंपन्यांशी झालेल्या तडजोडीतील दंडाची एकूण रक्कम २१ कोटी डॉलर होती. माहिती देणाऱ्या माजी अभियंत्याला पुढच्या वर्षी २ कोटी ४० लाख डॉलरहून अधिक बक्षीस मिळाले. मालकांनी एकत्र येऊन केलेल्या दाव्यांच्या तडजोडीत त्या इंजिनांच्या मुख्य भागाला आजीवन हमी मिळाली.

अमेरिकेतील कायदा देवाने दिलेला नाही आणि तिथल्या ग्राहकालाही झगडावेच लागते. पण दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. एक, भर रस्त्यात इंजिन बंद पडणे हा तिथे सुरक्षेचा प्रश्न मानला गेला. बहरोडजवळ मागून आलेला तो ट्रक आठवला की मला यात शंका वाटत नाही. आपल्या कलम ११०-अ चा असा अर्थ लावण्यासाठी कायदा बदलण्याचीही गरज नाही. दुसरी, तिथे एकट्याच्या तक्रारीला दुसऱ्याची तक्रार दिसते. आपल्याकडे अशी सर्वांना पाहता येणारी नोंदवही नाही. म्हणून इथला प्रत्येक जण अपवाद ठरतो.

या नोंदवहीच्या अभावाची किंमत केवळ मोटारमालक मोजत नाहीत, धोरणकर्तेही मोजतात. २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवरून २०२५ मध्ये उठलेला गदारोळ आठवा. हे लक्ष्य आधी २०३० चे होते, ते अलीकडे आणले गेले. या पेट्रोलशी जुळणारे भाग असलेल्या गाड्या एप्रिल २०२३ पासून येऊ लागल्या. रस्त्यावरच्या बहुसंख्य गाड्या त्याआधीच्या. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते आणि ते ओलावा ओढून घेते. मूळ शुद्ध पेट्रोलसाठी रचलेल्या आणि १० टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या चारचाकींची इंधन कार्यक्षमता ६ ते ७ टक्क्यांनी घटेल, असा अंदाज निती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच होता. पुढे जुन्या गाड्यांचे मालक इंजिने बिघडत असल्याचे सांगू लागले. पेट्रोलियम मंत्रालयाने ही भीती निराधार असल्याचे म्हटले. काही जुन्या गाड्यांत रबरी भाग बदलावे लागतील, पण तो खर्च किरकोळ, असा खुलासा केला. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने यासंबंधीची जनहित याचिका फेटाळली.

कोणाचे खरे? आयात तेलावरचे अवलंबित्व कमी व्हावे, उसाच्या आणि मक्याच्या शेतकऱ्याला आणखी एक ग्राहक मिळावा, हे उद्देश योग्यच आहेत. महाराष्ट्रातील वाचकाला ते वेगळे सांगायला नको. पण बिघाडांची मॉडेलवार, वर्षवार नोंद सार्वजनिक असती, तर २०२३ च्या आधीचा आणि नंतरचा आकडा शेजारी मांडून हा वाद एका दुपारी मिटला असता. मंत्रालयाचे म्हणणे बरोबर असेल, तर या नोंदीने सर्वाधिक लाभ मंत्रालयाचाच झाला असता. ती नसल्यामुळे एका बाजूला अफवा उरल्या आणि दुसऱ्या बाजूला खुलासे.

म्हणून माझी सूचना साधी आहे. देशातील बहुतेक वाहनांची नोंद ‘वाहन’ या सरकारी प्रणालीत आहे. इंजिन किंवा गिअरबॉक्स बदलला की अधिकृत केंद्राने त्याचे कारण, गाडीचे वय आणि धाव यांसह त्यात नोंद करावी. मालकाचे नाव वगळून मॉडेलवार आकडे दर तीन महिन्यांनी प्रसिद्ध व्हावेत. डीलरांना पाठवलेल्या तांत्रिक सूचना सर्वांना वाचता याव्यात. एखाद्या बनावटीत एकाच भागाचा बिघाड ठरावीक प्रमाणापलीकडे गेला, तर दोष उत्पादनातला आहे असे गृहीत धरावे आणि तो नाही हे कंपनीने सिद्ध करावे. आणि ‘यापुढे दावा करणार नाही’ असे लिहून घेऊन सवलत देण्याची प्रथा बंद व्हावी. कारण ती सवलत नसते, ती गप्प राहण्याची किंमत असते. यात सरकारी तिजोरीवर मोठा बोजा पडत नाही. चांगले इंजिन बनवणाऱ्या कंपनीला तर ही फुकटची जाहिरातच ठरेल.

माझी गाडी अखेर मी सर्व्हिस सेंटरमधून उचलून काश्मिरी गेटजवळच्या एका जुन्या मिस्त्रीकडे नेली. त्याने इंजिन उघडून मोडलेली बेअरिंग माझ्या तळहातावर ठेवली आणि तेलाची तुंबलेली जाळी दाखवली. फोटो काढून घेतले. ते आयोगात जोडले आहेत. काम १ लाख ४० हजारांत झाले. रेवाडीच्या चालकाला तेवढेही उभे करता आले नाही. त्याने गाडी आहे तशी विकली आणि आता दुसऱ्याची टॅक्सी रोजंदारीवर चालवतो. हप्ते अजून चालूच आहेत.

पैसे चुकते करताना मिस्त्रीने गल्ल्याखालून एक लांबट वही काढली. त्याच्याकडे आलेल्या प्रत्येक इंजिनाची त्यात नोंद होती: गाडी, साल, किलोमीटर, काय मोडले. माझ्या इंजिनाची ओळ त्याने लिहिली आणि मग पाने मागे उलटून बोटाने दाखवू लागला. त्याच बनावटीची, त्याच भागापाशी मोडलेली अकरा इंजिने. “तुमचं बारावं, साहेब,” तो म्हणाला आणि वही पुन्हा गल्ल्याखाली ठेवली.